वन्सं, ते बटण तुम्ही लावलं नव्हतंत

वन्सं, माणसानं जाताना इतक्या सूचना देऊन जाऊ नये, आणि द्यायच्याच तर सगळ्या द्याव्यात. लोणच्याच्या बरणीचं फडकं बदल. शाळेची हलगी माझ्या खोलीत आहे, ती परत कर. बापूला रात्री भात वाढू नकोस, त्याला खोकला होतो. बापू म्हणजे तुमचा धाकटा भाऊ आणि माझा नवरा. इतक्या वर्षांत त्यांचा खोकला मला ठाऊक नसेल असं तुम्हाला वाटलं तरी कसं? एवढं सगळं सांगितलंत आणि जे मला खरोखर विचारायचं होतं, ते तेवढं सांगायचं राहिलं.

तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती उशी आता राहू दे गं इंदू. देवाघरी कोण बघतंय डावं-उजवं?" दुसऱ्या म्हणाल्या, शिवलेलं काही अंगावर ठेवायचं नसतं. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. एरवी न विचारता मत देणारं तोंड, नेमकं तेव्हाच गप्प. शेवटी मीच ठरवलं. तुम्हाला आतून घालायची ती बॉडी घातली, डाव्या कप्प्यात उशी बसवली, बटण लावलं आणि वरून पांढरं लुगडं नेसवलं. पदर सरळ पडला. काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तुम्हाला ते हवं होतं की नको होतं, हे मला अजून माहीत नाही, आणि त्याचाच मला राग आला आहे.

तसा रागाचा हिशेब फार जुना आहे. आंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली, ती तुम्ही वर्षभर कुणाला सांगितली नाहीत. मी तुमचं लुगडं धूत होते, तुमच्या केसांना तेल लावत होते, एका चुलीवर आपण दोघी रांधत होतो, आणि मला पत्ता नाही. मागून विचारलं तर म्हणे, "अगं, संस्थान विलीन झालेलं. बापूची कारकुनी राहते का जाते ते कळेना. कचेरीतले कागद ठाण्याला जायला लागलेले. त्या गोंधळात माझी गाठ कुठे मध्ये आणू?" जसं काही राज्य जाण्यायेण्यासाठी तुमची गाठ थांबून राहणार होती.

मुंबईच्या इस्पितळात डावी बाजू पूर्ण काढली. बापू खाटेशेजारी डोळे पुसत बसले होते. तुम्ही शुद्धीवर आलात, त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "रडतोस काय? तुझं संस्थान गेलं, माझंही डावीकडचं खालसा झालं. मला तनखा तेवढा कुणी देत नाही." शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून कण्हायला लागली. मला मात्र तिथून उठून बाहेर जावंसं वाटलं. कधी काय बोलावं याचा काही धरबंध?

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्यावर काही बांधायचं नाही, पुढेही आधी हलकं, मऊ, आणि मग सोसेल तसं वजन. जव्हारला परत आलो आणि तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात इस्पितळातल्या कापसाचा बोळा पोलक्यात कोंबून शाळेत निघालात. मुलींच्या परीक्षा म्हणे. फळ्यावर लिहायला हात वर केला की बोळाही वर. दुपारपर्यंत तो गळ्याशी आला होता. घरी येऊन पोलकं काढलंत तर व्रणाभोवती सगळं लाल. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. नणंदेवर ओरडणारी भावजय म्हणून मला कुणी वाळीत टाकलं असतं तरी चाललं असतं.

गावातल्या बायका वेगळंच बोलत. लहानपणी लग्न, लहानपणीच कपाळ पांढरं, पुढे शिकून मास्तरीण झालेली बाई. हिला आता हे सोंग कुणासाठी हवं? हे मला विहिरीवर ऐकवत आणि मी घरी येऊन तुम्हाला ऐकवत असे. तुम्ही वह्या तपासत म्हणालात, "त्यांना सांग, पाठीसाठी हवं. एका कावडीला एकच घागर लावून चालून बघा म्हणावं." खरंच होतं ते. उजवा खांदा खाली ओढला जायचा, डावा वर यायचा, संध्याकाळी मान धरायची. चालताना तुम्ही उजवीकडे कलायचात आणि मग ते लपवायला फार ताठ चालायचात. त्यामुळे बायकांना वाटायचं, मास्तरणीला गर्व झाला.

मग आपले प्रयोग सुरू झाले. आपले म्हणजे, शिवायचं मी आणि नावं ठेवायची तुम्ही. मांजरपाटाची पहिली बॉडी मी हातमशीनवर शिवली, तर तुम्ही म्हणालात टोचते. शिवण नेमकी व्रणावर आली होती, ते माझं चुकलं. पण ते सांगायची रीत असते. तुम्ही म्हणालात, "ही बॉडी आहे का धान्याची गोण?" शेवटी जैनबभाभी मदतीला आल्या. त्यांच्या यजमानांचं बाजारात कापडाचं दुकान, तरी त्यांनी दुकानातलं काही आणलं नाही. आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमलची ओढणी आणली आणि म्हणाल्या, "नया कपडा चुभेगा बाई को. हे घ्या." त्या ओढणीची बॉडी झाली. शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या. खांद्याच्या पट्ट्या चार बोटं रुंद केल्या, कारण अरुंद पट्टी रुतायची आणि तुमचा डावा हात सुजायचा. हात मागे जात नव्हता म्हणून बटणं पुढे घेतली. आत डावीकडे कप्पा, वरून उघडा, आणि कप्प्यातून उशी निसटू नये म्हणून त्याच्या तोंडाला एक बटण. हे बटण लक्षात ठेवा.

आता उशीत काय भरायचं? आधी नागली भरली. वजन छान, पण पहिल्याच पावसाळ्यात तिला कुबट वास यायला लागला आणि एक दिवस शिवणीतून हिरवे कोंब बाहेर. तुम्ही वर्गात भिजून आला होतात आणि तशाच बसल्या होतात, मी किती वेळा सांगितलं होतं. मग मोहरी भरली. ती तेल सोडते, पोलक्यावर पिवळा डाग पडला. एकदा उशी वाळत घातली तर कोंबड्यांनी फोडली, एकदा खुंटीवर ठेवली तर उंदरांनी. तुम्ही मला दोन्ही हात पुढे करायला लावायचात, एका हातावर उशी ठेवायचात, दुसऱ्या हातावर तुमचं उरलेलं अंग, आणि विचारायचात, "कोणतं जड?" मी काय भाजीवाली होते, वन्सं?

त्यातच बापूंना कुणीतरी सांगितलं, मुंबईत रबराची मिळते, विलायती. आपण दोघी एस.टी.नं डहाणूला आणि तिथून गाडीनं मुंबईला गेलो. दुकान बायकांच्या कपड्यांचं आणि विकायला पुरुष. मी पदर तोंडावर घेऊन कोपऱ्यात उभी. तुम्ही सरळ जाऊन म्हणालात, "माझी डावी बाजू कापलेली आहे. तिथे बसवायला हवंय." त्या माणसानं डोळे खाली घातले आणि खोक्यातून दोन काढून ठेवल्या.

"एकच हवी."

"बाई, जोडीच मिळते."

"चपला आहेत का?"

"कंपनीकडून जोडीच येते, बाई."

"मग तुमच्या कंपनीला लिहा, बायकांचं एकेक पण कापतात म्हणून."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघत होती. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. शेवटी जोडी घेतलीत, आणि एवढं करून तिचं काय झालं? ती इतकी हलकी, की खांदा पुन्हा वर. वैशाखात तिच्याखाली घाम साचून घामोळं उठलं. एक उशी तुम्ही पेटीत टाकलीत आणि दुसरी माझ्या मशीनजवळ टाचण्या टोचायला आली. विलायती टाचणगादी सबंध जव्हारात माझ्या एकटीकडेच होती.

अखेर जमलं ते वरईवर. मागे छातीकडच्या बाजूला सावरीचा कापूस, पुढे वरई. दाणे बारीक, गुळगुळीत, हाताच्या दाबानं आकार घेणारे. दर महिन्याला उसवायची, वरई उन्हात घालायची, पुन्हा भरायची. दोन उश्या केल्या, एक अंगावर आणि एक वाळवणीत. पहिल्या दिवशी ती घालून तुम्ही अंगणात चार फेऱ्या मारल्यात, वाकलात, हात वर केलात, आणि म्हणालात, "बरी आहे." एवढंच. इतक्या महिन्यांच्या शिवणकामाला "बरी आहे."

मी हे सगळं का करत होते, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. माझं पहिलं मूल जन्मताच गेलं, तेव्हा मला दूध आलं होतं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, आणि घरातले सगळे माझ्याभोवती चवड्यांवर चालत होते. कुणी माझ्याकडे बघेना. तुम्ही शाळेतून आलात, दार लावलंत, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून मला घट्ट बांधलंत आणि पेजेचं भांडं पुढे ठेवलंत. मी नको म्हटलं तर खेकसलात, "मूल गेलं तर तुलाही जायचंय का? पी!" मी रडत रडत पेज प्याले. रात्री तुम्ही पट्ट्या सोडून, ओल्या झालेल्या बदलून, पुन्हा बांधल्यात. त्यावर आपण दोघी नंतर एक अक्षर बोललो नाही.

आता त्या प्रजासत्ताक दिनाचं. शाळेच्या मैदानात मुलींची लेझीम, मामलेदार खुर्चीवर, बायका सतरंजीवर. मी तुम्हाला सकाळी म्हटलं होतं, मुलींना करू दे, तुम्ही नुसती शिट्टी वाजवा. पण नाही. पुढे उभ्या राहून तुम्हीच लेझीम घेतलीत. हलगी तापली, मुली रंगात आल्या, तुम्ही खाली वाकलात, लेझीम जमिनीजवळ नेलीत, आणि उशी निसटून धुळीत पडली.

हलगी थांबली. मुली थांबल्या. मैदानात नुसते घुंगरू आणि चकत्या किणकिणत राहिल्या. मला वाटलं तुम्ही घरी पळाल, किंवा भोवळ येऊन पडाल. मी अर्धी उठलेही होते. तुम्ही उशी उचललीत, हातानं धूळ झटकलीत, सावकाश चालत सतरंजीपाशी आलात आणि माझ्या हातात दिलीत. "इंदू, धर जरा." मग मुलींकडे वळलात. "थांबायला कुणी सांगितलं? चार आवाज! पुन्हा पहिल्यापासून."

आणि खरंच पहिल्यापासून केलीत. एका बाजूनं पोलकं रिकामं, पदर घसरलेला, आणि तुमचा आवाज पार बाजारापर्यंत. मी सगळ्या गावासमोर तुमची उशी मांडीवर घेऊन बसले होते. ती अजून तुमच्या अंगानं गरम होती. मामलेदारांच्या बायकोनं हळूच विचारलं, "काय आहे हो ते?"

"वरई," मी म्हटलं. खोटं कुठे होतं?

घरी आल्यावर मी काही बोलायच्या आत तुम्हीच सुरू केलंत, "तुझी टीप कच्ची होती." मी बॉडी उलटी करून दाखवली. टीप शाबूत, काज शाबूत, बटण जागच्या जागी. तुम्ही घाईघाईत ते लावलंच नव्हतंत. "मग काय, आपोआप पडली?" असं म्हणून तुम्ही चहा टाकायला गेलात. त्यानंतर कितीदा तरी हा विषय निघाला असेल, आणि दरवेळी माझी टीपच कच्ची. लावलं नव्हतंत, वन्सं. आज तुम्ही उलट बोलू शकत नाही म्हणून म्हणत नाही, तेव्हाही हेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मंडळातले एक गृहस्थ आले. बापूंना म्हणाले, "बाईंना आता बसून करायचं काम देऊ. मुलींसमोर असं काही बरं दिसत नाही." बापू नव्या सरकारात आधीच जीव मुठीत धरून होते, ते "बघतो, बघतो" करत राहिले. तुम्ही आतून हात पुसत आलात.

"मी शिकवते ते छातीनं का हो?"

गृहस्थ छपराकडे बघायला लागले.

"लेझीम दुसरं कोण घेणार ते ठरवा आणि या. मी तिला स्वतः शिकवीन."

दुसरं कोणी नव्हतंच. सोमवारी वर्गात फळ्याशेजारी मुद्दाम एक खुर्ची आणून ठेवली होती. तुम्ही तिच्यावर छत्री ठेवलीत आणि उभ्यानं शिकवलंत.

आणि त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी साखरशेतची जानकी आली. ओटीवर बसली, पाणी प्याली, बसूनच राहिली. मी विचारलं काय हवंय, तर मान हलवी. तुम्ही शाळेतून आलात तशी उठली आणि म्हणाली, "तुमचाच पडला ना बाय मैदानात? बाजारात बोलत व्हते." मला वाटलं, आता गावोगाव हेच. पण ती पुढे म्हणाली, "मना बी हाय. हितं. गाठ हाय. कोनाला बोलली नाय."

तिला आत नेलंत, हात लावून बघितलंत. मग मला म्हणालात, "माझी पिशवी भर. उद्या हिला घेऊन मुंबईला जाते." तिच्या नवऱ्याला समजावायला तुम्ही संध्याकाळी साखरशेतला चालत गेलात. त्याला म्हणे तुम्ही सांगितलंत, "मी वर्षभर गप्प बसले, त्याचं मोल मला माहीत आहे. तुला ते द्यायचंय का?" ही गोष्ट मला जानकीनं सांगितली. मला, तुमच्या घरात राहणाऱ्या बाईला, गप्प बसल्याचा पस्तावा तुम्ही कधी बोलून दाखवला नव्हतात.

जानकीची गाठ लहान होती, वेळेवर निघाली. ती परत आल्यावर मी तिच्यासाठी बॉडी शिवली, मापाची उशी भरली, काजं हातानं केली. पुढच्या बाजाराला आली तर अंगावर काही नाही. विचारलं, तर म्हणाली, "भाताच्या आवनीला वाकताना ती मधी येतं, बाय. मना असाच बरा." आणि उशी? "पोराच्या डोक्याखाली घातली. चांगला निजतो." दोन दिवसांची माझी मेहनत! मी कपाळावर हात मारला आणि तुम्ही इतक्या हसलात की जानकीही हसायला लागली. "तिला तिचं बरं, मला माझं," तुम्ही म्हणालात. जानकी गेल्या पावसाळ्यातही खाचरात उभी होती, वन्सं. तुम्ही खाटेवर होतात.

कारण तुम्ही पुन्हा तेच केलंत. पाठ दुखायला लागली तर म्हणे एस.टी.च्या बाकाची. दम लागला तर म्हणे वय. जगाला दटावून मुंबईला नेणारी बाई, स्वतःच्या पाठीला बाम चोळत बसली. मी डॉक्टरचं नाव काढलं की तुम्ही जैनबभाभींच्या सुनेचं बाळंतपण काढायचात. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांनी बापूंना बाजूला बोलावलं, आणि तुम्ही खाटेवरून ओरडून म्हणालात, "इथेच बोला. मला ऐकू येतं."

घरी आणल्यावर मात्र घर पालटलं. बापू दारातून हळूच डोकावायचे. शाळेतल्या बाया येऊन कुजबुजायच्या, तुमचा हात हातात घेऊन गप्प बसायच्या. मीसुद्धा दोन दिवस तसंच केलं. भांडी न वाजवता घासली. तुम्ही पाणी सांडलंत तर "असू दे हं वन्सं" म्हटलं. तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज उरला नव्हता, तरी बोलण्यातली धार होतीच.

"काय झालं गं तुला?"

"कुठे काय?"

"पाणी सांडलं तर ओरडली नाहीस."

मी ओली गादी फडक्यानं टिपायला लागले.

"इंदू, इतकी वर्षं गावानं मला बिचारी केलं. आधी नवरा गेला म्हणून, मग हे गेलं म्हणून. या घरात तू एकटी माझ्याशी भांडायचीस. म्हणून घरी यावंसं वाटायचं. आता तू पण हळू बोलायला लागलीस, तर मी कुणाकडे बघू?"

तेव्हा मी तुम्हाला काय म्हणाले ते आठवतं ना? म्हणाले, गादी भिजली, आता ती वाळवायची कुणी? तुम्ही डोळे मिटलेत आणि तुमचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. त्यानंतर शेवटपर्यंत मी एक दिवस खंड पडू दिला नाही. औषधावरून भांडले, उशीवरून भांडले, खिडकीवरून भांडले. शेजारचे म्हणाले, मरणाच्या दारातल्या नणंदेला सुखानं जाऊ देत नाही ही बया. म्हणू देत.

काल बायका भेटायला आल्या होत्या. ओटीवर ओळीनं बसल्या, पदर तोंडाला, सगळ्यांचे आवाज अगदी खालच्या पट्टीत. एकीनं उसासा टाकला, "बिचारी सुटली."

मी आतून आले आणि इतक्या मोठ्यानं विचारलं, "बिचारी कोण?", की बाजाराच्या रस्त्यानं जाणारी माणसंसुद्धा थांबली.